बापाच्या रकान्यात नवरा

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात कडक नियम रक्ताचा नाही, नावाचा आहे. बाटलीवरचं नाव आणि सोबतच्या कागदावरचं नाव यांत एका अक्षराचा जरी फरक असला, तरी तो नमुना टाकून द्यायचा आणि पेशंटला पुन्हा सुई टोचायला सांगायचं. सौदीतल्या अल खफजीच्या इस्पितळात मी बारा वर्षं हे काम करते आहे आणि या नियमापायी नर्सेसच्या शिव्या भरपूर खाल्ल्या आहेत. त्यामुळे लॅबमध्ये काम करायच्या परवान्याच्या नूतनीकरणात मी स्वतःच चुकीच्या नावाची निघाले, तेव्हा अर्ध्या इस्पितळाला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या असणार. मी त्यांच्या जागी असते तर मलाही फुटल्या असत्या.

पुढं जाण्याआधी एक सांगून टाकते. या सगळ्या हकिगतीत मी एकाही माणसाचं नाव लिहिणार नाही. गेल्या वर्षी आमच्या घराला नावांनी इतका ताप दिला आहे, की आता ज्याचं त्यानं आपल्यापाशी सांभाळावं.

लेबलं वाचून वाचून मला नावांचं व्यसनच लागलं आहे. इथल्या साठीच्या बायकांची नावं ऐसपैस, धर्माच्या गोष्टींतली. चाळिशीतल्यांच्या नावांचा अर्थ आशा, उजेड, औदार्य असा काहीतरी. नव्या बाळांची नावं मात्र तोंडात घालेपर्यंत संपतात आणि कुठल्याही देशात चालून जातात. त्यातही गंमत अशी, की हा बदल बहुतेक मुलींच्या वाट्याला आला आहे. थोरला मुलगा झाला की त्याला अजून आजोबांचंच नाव मिळतं. म्हणून लेबलावर पोराचं नाव, मग बापाचं, मग पुन्हा पोराचंच नाव आलेलं दिसतं. नवीन आलेल्या मुलींना ते टाइप करणाऱ्याची चूक वाटतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? माझ्या आईच्या पिढीत नद्या आणि देव्या, माझ्या पिढीत फुलं आणि भावना, आणि माझ्या मुलीच्या वर्गात दोन-दोन अक्षरांची, अर्थ विचारावा लागेल अशी नावं. तिचं नाव ठेवताना आम्ही दोघांनी एकच कसोटी लावली होती. विमानतळावरच्या खिडकीतल्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे. पत्रिकेतलं अक्षर, आत्याचा मान, सगळं त्या माणसापुढं फिकं पडलं. आत्यानं बारशाला यायचं टाळलं नाही, पण बाळाच्या कानात नाव सांगताना तिनं तोंड वाकडं केलं होतं ते फोटोत दिसतं.

माझ्या स्वतःच्या नावाची गोष्ट मात्र तिथून सुरू होत नाही. ती लग्नाच्या दिवशी, तांदळाच्या ताटात सुरू होते. बावीस वर्षांपूर्वी कराडच्या एका कार्यालयात माझ्या नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं एक नाव लिहिलं. ते माझं नाव नव्हतं. सासूबाईंनी त्याला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं आणि तो परीक्षेला बसल्यासारखा चिठ्ठीत बघून एकेक अक्षर उमटवत होता. पहिलं अक्षर आलं तेव्हा मला वाटलं, चुकला. दुसरं आलं तेव्हा कळलं की चुकला नाही, आपलं काम झालं. पेढे वाटले गेले. ते नवऱ्याच्या पणजीचं नाव, सासूबाईंनी घराण्याचं नाव चालवलं, असं सगळ्या बायका कौतुकानं म्हणाल्या. मी बी.एस्सी. करून, लॅबचा डिप्लोमा करून आलेली चोवीस वर्षांची मुलगी, आणि मला एका मेलेल्या म्हातारीचं नाव! मला कुणी विचारलं नव्हतं. मीही बोलले नाही, त्यामुळे मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आला.

पुढं पासपोर्ट काढला तो त्याच नावानं. पहिलं नाव नवं, मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव नवऱ्याचं. पदवीवर आणि डिप्लोमावर पहिलं नाव जुनं, मधलं वडिलांचं, आडनाव माहेरचं. म्हणजे तिन्हीच्या तिन्ही शब्द वेगळे. इतकी वर्षं लग्नाचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र जोडलं की भागत होतं. मग सगळं ऑनलाइन झालं, आणि गेल्या वर्षी परवान्याच्या अर्जावर लाल अक्षरांत उत्तर आलं की पदवी अर्जदाराची नाही. परवाना संपायला चार महिने होते. परवाना गेला की नोकरी जाते आणि नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायची परवानगी, एवढं इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

कागद घेऊन मी इस्पितळाच्या ऑफिसात गेले. तिथली बाई सौदी, तिशीची, निकाबातून फक्त डोळे दिसतात, पण त्या डोळ्यांनी ती समोरच्याला पार वाचून काढते. तिनं स्क्रीनवर माझा इकामा उघडला. अरबीत नावाला चार रकाने असतात. पहिला स्वतःचा, दुसरा बापाचा, तिसरा आजोबांचा, चौथा घराण्याचा.

“सिस्टर, हे तुझ्या बापाचं नाव?” तिनं दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

“नाही. नवऱ्याचं.”

“आणि इथं खाली, नवऱ्याच्या जागी?”

“तिथंही नवऱ्याचंच.”

तिनं खुर्ची मागं सरकवली. “म्हणजे तुझा नवरा तुझा बाप आहे?”

मी तिला समजावलं. आमच्याकडे लग्न झालं की मधलं नाव बदलतं, बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. “बरं,” ती म्हणाली. आडनावही बदलतं. “बरं.” काही घरांत पहिलं नावही बदलतात. यावर ती ‘बरं’ म्हणाली नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, “या हराम!” म्हणजे आपल्याकडे ‘अगं बाई, बिचारी’ म्हणतात तसं.

मला ते झोंबलं. खरं सांगायचं तर इथं येताना मी इथल्या बायकांची दया करत आले होते. फोनवर मैत्रिणींना त्यांच्या काळ्या अबायांचं वर्णन करताना माझा आवाज जरा वर चढायचा. आणि आता त्या अबायातली एक बाई माझी दया करत होती. तिचं लग्न झालेलं, दोन मुलं, आणि नाव जन्मापासून आजपर्यंत जसंच्या तसं, मरेपर्यंत तसंच राहणार. “माझ्या बापाचं नाव माझ्यापासून कोण काढून घेईल?” ती म्हणाली. मग माझा उतरलेला चेहरा बघून की काय, तिनं आवाज खाली आणला. “पण ऐक. माझे भाऊ मित्रांसमोर माझं नाव कधी उच्चारायचे नाहीत. शाळेत पोरं एकमेकांच्या आयांची नावं शोधून काढून चिडवायची. आता मला सगळे माझ्या मुलाची आई म्हणूनच हाक मारतात. नाव माझंच आहे, फक्त कपाटात आहे.”

आम्ही दोघी हसलो. तिनं मला चहा पाजला आणि दोनच वाटा आहेत म्हणून सांगितलं. पदवीवरचं नाव पासपोर्टासारखं करायचं, नाहीतर पासपोर्टावरचं पदवीसारखं. “एक बदल, खलास.”

त्या संध्याकाळी बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात गेले. अरबी अर्ज भरून देणारा तो दुकानदार रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. मला वाटलं, हा तरी हसेल. तो मुळीच हसला नाही.

“ताई, आमच्यातपण असाच हाय. माजी बायको कागदावर माजी मुलगीच हाय. सासरा मेला तवा वारसाच्या कागदात तिचा बाप कोन, यावरच दोन म्हयने गेले.” आणि मग प्रिंटरला कागद लावता लावता, “धरम येगला आसला तरी तलाठी येकच ना!” म्हणाला.

घरी मुलीला हा घोळ सांगितला. ती तेरा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये जाते, माझ्या मराठीला हिंदी-इंग्लिशमध्ये उत्तर देते. तिनं दोन मिनिटं बोटांवर हिशेब केला.

“मम्मा, टेक्निकली यू आर माय सिस्टर.”

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी नाही हसले. मला विद्यापीठाला फोन करायचा होता.

विद्यापीठाच्या माणसानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, परीक्षा ज्या बाईनं दिली तिच्याच नावानं पदवी राहणार. त्या दिवशी तुमचं हे नाव अस्तित्वातच नव्हतं.” मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन माझं जुनं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव एका दमात, मोठ्यानं म्हणून पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. जीभ कुठं अडखळली नाही.

म्हणजे वाट एकच उरली होती, पासपोर्ट बदलायची. खरं तर मला तीच हवी होती. विद्यापीठानं दरवाजा लावला याचं मला मनातून बरं वाटलं, कारण आता माझ्यावर आळ नव्हता. अडचण फक्त एक होती, आणि ती कराडला दिरांच्या घरी खिडकीशी बसून पेपर वाचत होती.

सासूबाई कडक. आवाज चढवत नाहीत, पण त्यांनी नुसतं “असं का?” म्हटलं की समोरचा आपोआप खुलासे द्यायला लागतो. फोनवर त्या दर दोन वाक्यांमागं माझं नाव घेत, त्यांनी ठेवलेलं. घरातले बाकीचे मला वहिनी, काकू, नुसतं ‘अगं’ म्हणत. त्या मात्र नावानंच. मला तो धाक वाटायचा, आम्ही ठेवलंय ते विसरू नकोस, असा.

“तूच सांग आईला,” नवरा म्हणाला.

“आई तुझी आहे.”

“नाव तुझं आहे.”

खफजीला आल्यावर आमच्या ‘अहो’चं ‘अरे’ झालं होतं, पण कराडच्या फोनपुढं आम्ही दोघंही तेवढेच घाबरट. शेवटी ठरलं की सांगायचंच नाही. पासपोर्ट काय, आपल्या कपाटात राहील. त्यांना कोण दाखवतंय?

इथं आम्ही दोघांनी जी चूक केली ती मराठी माणसालाच सुचेल. नाव बदलायचं तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, तीही कायमच्या पत्त्याच्या भागातल्या पेपरात. आमचा कायमचा पत्ता कराडचा. दिली फोन करून, आली छापून. आणि सासूबाई पेपर वाचतात तो अशा रीतीनं, की निधनवार्ता, वधू-वर, हरवले-सापडले, शेतजमिनीच्या नोटिसा, एक ओळ सुटत नाही. राजकारणाचं पान तेवढं त्या सोडतात.

शुक्रवारी सकाळी फोन आला. इथं सुट्टीचा दिवस. नवऱ्यानं स्क्रीनवरचं नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात देऊन तो आंघोळीला गेला, आंघोळ झालेली असताना.

“अगं, पेपरात तुझं नाव आलंय,” त्या म्हणाल्या. “दोन्ही.”

मी खुलासे द्यायला लागले. परवाना, पदवी, चार रकाने, ऑनलाइन. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी एकटीच बोलते आहे.

“आई?”

“ऐकतेय. आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. पणजीबाईंचं नाव तुम्ही हौसेनं ठेवलं होतंत.”

“पणजीबाईंचं कसलं,” त्या म्हणाल्या. “माझं होतं ते.”

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात. त्यांचं लग्नाआधीचं नाव तेच. सासरी आल्या तर आजेसासूचंही तेच नाव. आता सुनेला हाक मारायची म्हणजे घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव मोठ्यानं घ्यायचं, ते कसं चालेल? म्हणून ताटातल्या तांदळात त्यांच्यासाठी दुसरं नाव उमटलं. माहेरी त्यांना सगळे ताईच म्हणायचे, त्यामुळे तिथूनही ते नाव हळूहळू गेलं. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या.

“मग तू आलीस. मी म्हटलं, आता आजेसासूबाई नाहीत. घरात पुन्हा ते नाव कानावर पडू दे. लोक म्हणाले, घराण्याचं चालवलं. मी म्हटलं, म्हणू दे. स्वार्थच होता माझा. तुझं काढून घेतलं मी, माझं काढलं तसंच. तू तोंडानं नाही बोललीस, पण मला दिसत होतं.”

मी भिंतीला टेकून खाली बसले. बावीस वर्षं मी ज्या नावाचा राग केला, ते कुणा मेलेल्या म्हातारीचं नव्हतंच. ती म्हातारी फोनवर होती, जिवंत, आणि माझी माफी मागत होती. सासूबाईंना माफी मागताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

“आई, मी नोटीस मागे घेऊ का?” मी म्हटलं. त्या क्षणी मनापासून म्हटलं.

“वेडी आहेस का? शिकलीस कुठल्या नावानं? त्या नावानं जग. आणि त्या गाढवाला सांग, बाथरूममधून बाहेर ये.”

हुश्श. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो असाच उतरत असावा. नवरा टॉवेल गळ्यात घालून बाहेर आला, कोरडाच. मी त्याला सांगितलं तेव्हा तो पलंगाच्या काठावर बसला. त्यालाही ठाऊक नव्हतं. आईचं लग्नाआधीचं नाव काय, हा प्रश्न त्याला अठ्ठेचाळीस वर्षांत पडला नव्हता. “मामांकडे तिला ताई म्हणायचे,” एवढंच तो दोनदा म्हणाला.

पुढचे तीन महिने धावपळीचे. नोटिसा, प्रतिज्ञापत्र, नवा पासपोर्ट, मग इकाम्यावर नव्या नावाची नोंद. प्रत्येक पायरीवर काहीतरी अडकेल या भीतीनं माझी झोप उडाली होती. दर आठवड्याला सासूबाईंचा फोन यायचा, “कुठपर्यंत आलं?” म्हणून. आता त्या मला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हत्या. माझ्या माहेरच्या नावाची त्यांना सवय नव्हती आणि त्यांनी ठेवलेलं त्यांनी परत घेतलं होतं.

परवाना संपायला नऊ दिवस असताना ऑफिसातल्या त्या बाईनं मला वर बोलावलं. मी हातमोजे काढायचीही विसरले, तशीच गेले. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचला. पहिल्यात माझं. दुसऱ्यात माझ्या वडिलांचं. तिसरा रिकामा, कारण आमच्या पासपोर्टात आजोबा नसतात. चौथ्यात माहेरचं आडनाव. खाली हिरव्या अक्षरांत परवाना मंजूर. वडिलांचं नाव तिच्या तोंडून अरबी वळणानं आलं, त्यांना स्वतःला ओळखू आलं नसतं. माझे डोळे भरून आले.

“मबरूक,” ती म्हणाली, म्हणजे अभिनंदन. “आता तू तुझ्या नवऱ्याची मुलगी नाहीस.”

पायऱ्या उतरतानाच मी कराडला फोन लावला.

“झालं, आई! मिळाला परवाना!”

“देवा,” त्या म्हणाल्या, आणि मोठा श्वास सोडला. इतका मोठा की मला कळलं, तीन महिने भीती त्यांनाही होती. माझी नोकरी त्यांच्या हौसेपायी जाते की काय, ही. मग त्यांनी पेढे आणवले, मला फोनवरूनच दिरांना ओरडून सांगितलेलं ऐकू आलं. मी फोन ठेवणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, “थांब. एक विचारू?”

“विचारा की.”

“ते नाव आता मोकळं झालं ना? कागदावर कुणाचंच नाही?”

“नाही, आई. आता कुणाचंच नाही.”

“मग मला एकदा हाक मार बरं त्या नावानं.”

मी पायरीवरच थांबले. “आई, मी तुम्हाला नावानं कशी हाक मारू?”

“बावीस वर्षं वापरलंस ते. तू नाही मारायची तर आता कोण मारणार? ज्यांनी मारली असती ते सगळे गेले.”

खालून कुणीतरी लॅबचा दरवाजा उघडून मला शोधत होतं. मी पाठ वळवली, फोन तोंडाशी धरला आणि हाक मारली. नुसतं नाव, पुढं काही जोडलं नाही.

“ओ,” पलीकडून आलं. बारीक आवाजात, मी कधी न ऐकलेल्या.



“अजून एकदा,” त्या म्हणाल्या.